सोलापूर कोण चालवतं?

नमस्कार मंडळी. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय ‘गिरणगाव सोलापूर’ असा छापलाय. बरोबरच आहे. 1877 साली आमच्याकडे कापडगिरणी उभी राहिली, तिला सगळं गाव ‘जुनी गिरणी’ म्हणायचं. मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी. भोंग्यावर शहराचं घड्याळ चालायचं. 1930 चा इंग्रजांचा मार्शल लॉ आणि फाशी गेलेले चार हुतात्मे तुम्हाला शाळेपासून पाठ आहेत, ते पुन्हा सांगत बसत नाही.

मला बोलायचंय ते भोंगे थांबल्यानंतरच्या सोलापूरबद्दल. गिरण्या गेल्या, तेव्हा कुणी यंत्रमागावर लागला, कुणी रिक्षा घेतली, कुणी पुणं गाठलं. चादर-टॉवेलच्या कारखान्यांनी बऱ्याच जणांना हात दिला. पण धंद्यात मंदी आली की माग आठवडा-आठवडा बंद. अशा वेळी घरात पैसा यायचा तो बाईच्या बिड्यांचा. माझं सरळ मत आहे, की गिरण्यांनंतर हे शहर बायकांनी तगवलं. चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, या बायकांचं नाव कुठल्या पाटीवर नाही.

शहराचा पूर्व भाग म्हणजे तेलुगू विणकरांची वस्ती. तिथं कुठल्याही गल्लीत शिरा. दारात मांडीवर सूप घेऊन बाई बसलेली असते. तेंदूचं पान आधी भिजवायचं, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं. पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीनं कापायचं. चिमूटभर तंबाखू, एक वळसा, तोंड मुडपायचं, दोरा बांधायचा. हात चालू असताना शेजारणीशी तेलुगूत, पोराशी मराठीत, भाजीवाल्याशी कानडीत बोलणं चालू. मजुरी हजार बिड्यांवर. घरच्या लेकीसुना हाताखाली नसतील तर हजार गाठायला दिवस मावळतो.

खरा जाच दुसऱ्या दिवशी, कारखान्यात माल द्यायला गेल्यावर. तपासणारा मूठभर बिड्या बाजूला काढतो, त्या छाटात, म्हणजे नापास. कारखान्यानं दिलेलं पान कमी भरलं तर वरचं पान बाजारातून विकत घ्यायचं, स्वतःच्या पैशानं. आणि दिवसभर नाकातोंडात तंबाखूची धूळ. बिडी वाईटच, त्याबद्दल वाद नाही. पण हा धंदा उद्या बंद करा म्हणणाऱ्यानं या बाईला दुसरं काय काम देणार तेही सांगावं.

एक गोष्ट मात्र या बायकांनी लढून मिळवली. मोर्चे काढले, वर्षानुवर्षं हप्ते भरले, आणि शहराजवळ कुंभारीच्या माळावर कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावानं 10,000 घरांची वसाहत उभी राहिली. 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग तिथं आले होते. त्यानंतर रेनगर: 30,000 घरांची योजना, त्यातली 15,000 घरं जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधान मोदींच्या हस्ते दिली गेली. दोन वेगळ्या पक्षांचे पंतप्रधान, आणि मागे लागणारे नरसय्या आडम मास्तर कम्युनिस्ट. हे सोलापुरातच जमावं!

आता लेकी बिडीला हात लावत नाहीत. कुणी नर्सिंग करते, कुणी दुकानात बसते, कुणी पुण्यात नोकरीला. आया म्हणतात, बरं झालं. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा धंदाही पुष्कळ घरांतून बायकाच बघतात. तुमच्यापैकी निम्म्यांच्या बॅगेत ती चटणी येते, मला माहीत आहे. या खेपेला सुट्टीत गेलात तर चादर चाटी गल्लीतून घ्या, आणि तिथून पुढे पूर्व भागात पायी जा. गाडी त्या गल्ल्यांत शिरत नाही.