पायाखालची माती: प्रॅक्टिकल शूटिंगचे बूट

[पडद्यावर: ओल्या चिखलात उमटलेला बुटाचा ठसा. लांबून टायमरचा बीप ऐकू येतो.]

हा ठसा जरा नीट बघा. चवड्याचा भाग खोल रुतलाय, टाच जेमतेम उमटलीय, आणि कडेला माती ओढली गेल्यासारखी दिसतेय. इथून एक जण हातात भरलेलं पिस्तूल घेऊन डावीकडे सुटला आणि पहिल्याच पावलाला त्याचा पाय सरकला. फार नाही, चार बोटं असेल. पण तेवढ्यात अर्धा सेकंद गेला.

आपण आहोत अमेरिकेत, ओहायोमध्ये. एप्रिलचा रविवार, रात्रभर पाऊस पडून गेलाय आणि इथली माती चिकणमाती, म्हणजे आपल्याकडे पावसात काळ्या रानात शिरल्यावर चपलेचं जे होतं तेच इथे बुटाचं होतं, दहा पावलं चाललं की प्रत्येक पायाला किलोभर माती लटकते. तीन बाजूंना मातीचे उंच बांध, मधे मोकळी जागा, तिला इथे बे म्हणतात. बे मध्ये लाकडी चौकटीच्या भिंती, पुठ्ठ्याची टार्गेट्स, लोखंडी प्लेट्स. आणि या सगळ्यातून धावत, वळत, कधी गुडघ्यावर बसून नेम धरायचा. याला म्हणतात प्रॅक्टिकल शूटिंग.

आपल्या मराठी माणसाला शूटिंग म्हटलं की अंजली भागवत आठवते, तेजस्विनी सावंत आठवते, आणि आता स्वप्निल कुसाळे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा पोरगा, १ ऑगस्ट २०२४ ला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुण करून ऑलिंपिकचं ब्राँझ घेऊन आला. ऑलिंपिक पॅरिसचं असलं तरी शूटिंग झालं होतं शातोरूला, फ्रान्सच्या मध्यभागातलं गाव. आणि गंमत बघा, याच शातोरूच्या रेंजवर २०१७ मध्ये प्रॅक्टिकल शूटिंगचा हँडगन वर्ल्ड शूट, म्हणजे पिस्तुलाची जागतिक स्पर्धा, झाला होता. गाव तेच, रेंज तीच, पण पायातले बूट बघितले तर दोन वेगळी जगं.

रायफलवाल्यांचा बूट सपाट तळाचा, पुढून चौकोनी, कडक. उभं राहिल्यावर शरीर डुलू नये, एवढंच त्याचं काम. आणि प्रॅक्टिकलवाल्याचा बूट? त्याला सुटायचंय, थांबायचंय, थांबल्या थांबल्या नेम धरायचाय आणि परत सुटायचंय, तेही एकाच स्टेजमध्ये, म्हणजे टायमर लावून एका दमात पूर्ण करायच्या फेरीत, पाच-सहा वेळा.

या खेळाची रीतसर सुरुवात झाली १९७६ मध्ये, मिसूरी राज्यातल्या कोलंबिया शहरात. तिथे आयपीएससी ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष. ब्रीदवाक्य लॅटिनमधलं, डिलिजेंशिया, विस, सेलेरिटास, म्हणजे अचूकपणा, ताकद आणि वेग. तिन्ही सारख्याच तोलाचे. आणि हे तिन्ही गुणांमध्ये कसे बसवलेत ते समजलं की बुटाचं महत्त्व आपोआप कळतं, म्हणून दोन मिनिटं हिशोब करू, सोपा आहे.

स्टेजवर जेवढे गुण मिळाले त्याला लागलेल्या सेकंदांनी भागायचं. येणारा आकडा म्हणजे हिट फॅक्टर. समजा ३२ गोळ्यांची मोठी स्टेज आहे, प्रत्येक गोळी मधल्या अल्फा झोनमध्ये बसली तर ५ गुण, एकूण १६०. २० सेकंदात केली तर हिट फॅक्टर ८. आता त्याच माणसाचा तोच नेम, पण एका वळणावर पाय घसरला आणि २१ सेकंद लागले, तर हिट फॅक्टर ७.६२. बाकी काही चुकलं नाही, फक्त एक सेकंद. तेवढंच नुकसान नेम चुकवून करायचं म्हटलं तर, मायनर पॉवरच्या, म्हणजे कमी ताकदीच्या गोळीच्या पिस्तुलात, चार अल्फा बाहेरच्या चार्ली झोनमध्ये, जिथे ५ ऐवजी ३ गुण मिळतात, घालवावे लागतील. लोक त्या चार अल्फांसाठी महिनोन् महिने सराव करतात, महागडे ट्रिगर बसवतात, आणि पायात मात्र जुने, तळ गुळगुळीत झालेले जॉगिंगचे बूट. मला याचं खरंच वाईट वाटतं.

पण सेकंद जाऊदे. मोठी गोष्ट वेगळी आहे आणि ती माझ्या स्वतःच्या बाबतीत घडलेली आहे म्हणून सांगतो.

[पडद्यावर: ओली प्लायवूडची फळी, त्यावर चिखलाचे डाग.]

तीन वर्षांपूर्वीची मॅच. माझ्या पायात फुटबॉलचे स्टडवाले बूट होते. गवतावर त्यांची पकड इतकी छान होती की मी ठरवून टाकलेलं, आता हेच. त्या दिवशी स्टेजमध्ये एक लाकडी चबुतरा होता, पावसाने भिजलेला. मी पळत येऊन त्यावर पाय टाकला आणि पाय असा गेला जसा पावसाळ्यात शेवाळलेल्या घाटाच्या पायरीवर जातो. तोल सावरायला हात आपोआप बाजूला जातात, तो विचार करून केलेला प्रकार नसतो, पण त्यातल्या एका हातात माझं भरलेलं पिस्तूल होतं. नळी १८० अंशांच्या रेषेच्या, म्हणजे जिच्या पुढेच, टार्गेटच्या बाजूला, नळी राहायला हवी त्या आडव्या हद्दीच्या, मागे गेली. रेंज ऑफिसर ओरडला, स्टॉप! बोट ट्रिगरच्या बाहेर होतं, गोळी सुटली नाही, कुणाला काही झालं नाही. पण मॅच तिथेच संपली, डीक्यू, म्हणजे अपात्र. आणि तो निर्णय शंभर टक्के बरोबर होता. माझ्या मागे पंधरा फुटांवर माझ्याच स्क्वॉडची, म्हणजे बरोबर फिरणाऱ्या गटातली माणसं उभी होती, त्यात एक चौदा वर्षांची मुलगी होती आपल्या बाबांबरोबर आलेली. घरी येताना गाडीत मला तिचाच चेहरा दिसत होता.

त्या दिवसापासून माझ्यासाठी बूट हा डोळ्यांवरचा चष्मा आणि कानांवरचे मफ्स यांच्याच रांगेतला आहे. वेगाचा विचार नंतर.

तर मग निवडायचं कसं? मला कुणी विचारलं की बेस्ट बूट कोणता, तर मी आधी उलट विचारतो, तुझ्या रेंजवर जमीन कसली आहे? कारण तिथूनच सगळं ठरतं. आमच्याकडे चिकणमाती आणि खडी. फ्लोरिडात बऱ्याच ठिकाणी वाळू. काही क्लबांमध्ये नुसतं गवत. आणि थंडीत इनडोअर मॅचेस असतात तिथे गुळगुळीत काँक्रीट.

गवतावर रबरी स्टड उत्तम, त्यात वाद नाही. पण काँक्रीटवर किंवा ओल्या लाकडावर त्याच स्टडचा जमिनीला टेकणारा भाग उरतो मोजून दहा-बारा टिकल्यांएवढा, बाकी सगळा तळ अधांतरी. काँक्रीटवर उलट पाहिजे, जास्तीत जास्त रबर जमिनीला टेकलेलं, म्हणजे इनडोअर कोर्टवरचे बॅडमिंटनचे बूट घालतात ना, तसल्या तळाचे. घट्ट बसलेल्या खडीवर टर्फ शूज चांगले चालतात, ज्यांना खाली बारीक बारीक भरपूर रबरी दाणे असतात. आणि मिसळ जमीन असेल, थोडी खडी थोडा चिखल थोडं लाकूड, म्हणजे जी बहुतेक रेंजवर असतेच, तिथे ट्रेल रनिंगचे बूट. म्हणूनच कुठल्याही मॅचला गेलात तर सॅलोमनचे स्पीडक्रॉस हमखास दिसतात, तळाला व्हीच्या आकाराचे खोल दात आणि दातांमधे मोकळी जागा.

ही मोकळी जागा महत्त्वाची, इथे जरा थांबू.

[पडद्यावर: दोन बुटांचे तळ शेजारी शेजारी, अगदी जवळून.]

डावीकडच्या बुटाला दात भरपूर आहेत पण दाटीवाटीने. त्यात चिखल शिरला तो शिरला, आता तिथे दात नाहीतच, एक सपाट मातीचं पॅड झालंय. उजवीकडे दात कमी पण लांब लांब. पाय वाकला की मधली माती सुटून पडते. दुकानात बघताना डावीकडचा जास्त दणकट वाटतो आणि आपण फसतो. तरी चिकणमाती ती चिकणमाती, उजवीकडचाही कधीतरी भरतोच, म्हणून अनुभवी लोक बॅगेत एक कडक ब्रश नाहीतर रंग खरवडायची पट्टी ठेवतात, आणि आपला नंबर यायच्या आधी तळ साफ करून मगच लाइनवर जातात. रेंज ऑफिसरने मेक रेडी, म्हणजे तयार व्हा, म्हटल्यावर आठवून उपयोग नाही.

आणि नुसते दात बघू नका, रबर बघा. नखाने दाबून बघा. फार कडक रबर टिकतं वर्षानुवर्षं पण ओल्या लाकडावर दगा देतं, मऊ रबर लवकर झिजतं पण धरून ठेवतं. या खेळासाठी मी झिजणारं रबर घेईन.

आता तळाच्या जाडीबद्दल. हल्ली फॅशन आहे जाड, गुबगुबीत तळाच्या बुटांची, आणि पळायला ते सुखाचे असतीलही. पण आपण सरळ पळत नाही. आपण आडवे जातो, मागे येतो, भिंतीच्या कडेने एका पायावर सगळं वजन टाकून बाहेर झुकतो. जेवढा पाय जमिनीपासून उंच तेवढा घोटा मुरगळायची शक्यता जास्त. शिवाय फॉल्ट लाइन असते. जिथून शूट करायचं त्या जागेची हद्द लाकडी पट्टीने आखलेली असते, जमिनीपासून साधारण दोन सेंटीमीटर वर आलेली. पट्टीच्या बाहेर जमिनीला पाय लागलेला असताना गोळी झाडली की प्रोसीजरल, म्हणजे १० गुण कमी, आणि त्या चुकीतून मोठा फायदा झाला असं ठरलं तर तिथून झाडलेल्या प्रत्येक गोळीला १०. आता डोळे कुठे असतात? टार्गेटवर. मग ती पट्टी शोधायची कुणी? पायाच्या कडेने. बुटातून ती पट्टी जाणवली पाहिजे. मी दुकानात बूट घालून बघताना खिशातलं पेन जमिनीवर टाकतो आणि त्यावर पाय ठेवतो. पेन जाणवलं तर बूट घ्यायचा विचार, नाहीतर परत डब्यात. दुकानदार बघत राहतो, बघूदे.

उंच बूट की आखूड, यावर स्क्वॉडमध्ये कायम चर्चा चालते. आर्मी स्टाइल उंच बूट घोट्याला आधार देतात हे खरं, पण खालच्या खिडकीतून शूट करायला पटकन खाली बसायचं असतं तेव्हा घोटा वाकूच देत नाहीत. मी आखूड घेतो. त्यात एकच त्रास, काडतुसाच्या गरम पुंगळ्या. पिस्तुलातून उडणारी रिकामी पितळी पुंगळी चटका देते आणि आखूड बुटाच्या कडेतून ती आत गेली तर माणूस नाचायला लागतो, हातात पिस्तूल असताना ते अजिबात परवडत नाही. उपाय सोपा, घोट्याच्या वर येणारे मोजे आणि त्यावर पँट.

लेसचं पण तसंच. स्पीडक्रॉसला बारीक दोरी असते, ओढली की आवळते आणि उरलेली जिभेवरच्या खिशात जाते. साधी लेस असेल तर डबल गाठ मारून टोकं आत खोचा.

आणि एक हिशोब जो कुणी करत नाही. लोकल मॅचला सहा स्टेज धरा, प्रत्येकी वीस सेकंद, म्हणजे प्रत्यक्ष शूटिंग झालं दोन मिनिटांचं. मॅच चालते पाच-सहा तास. बाकी सगळा वेळ आपण उभे असतो, टार्गेटवर चिकटपट्ट्या लावत, पडलेल्या प्लेट्स उभ्या करत, एका बे मधून दुसऱ्यात सामान ओढत. पट्टायाला २०२२ मध्ये जो वर्ल्ड शूट झाला तिथे तर ३० स्टेज होत्या, कित्येक दिवस, थायलंडच्या उकाड्यात. चावणारा बूट शेवटच्या स्टेजला गुण खातो, कारण माणूस थकलेला असतो आणि पाय टाकायला कचरतो. म्हणून बोटांना पुढे जागा पाहिजे, बूट संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभर चालून पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा, आणि जे मोजे मॅचला घालणार तेच घालून जा.

सरावाचं एक आहे जे खास आपल्या घरांत होतं. रिकाम्या पिस्तुलाने घरी ड्राय फायर करतो आपण, गोळ्या दुसऱ्या खोलीत, सगळं नीट तपासून, पण करतो अनवाणी. कारण घरात बूट घालायची सवयच नाही आपल्याला. मग शरीर अनवाणी शिकतं आणि मॅचला बूट घातल्यावर पाऊल वेगळंच पडतं. मी एक जोडी फक्त घरातली ठेवलीय, रेंजचाच मॉडेल, कधी बाहेर न गेलेली. आई पुण्याहून आली होती तेव्हा पहिल्या दिवशी म्हणाली, अरे घरात बूट घालून काय फिरतोयस, देवघरासमोरून? समजावून सांगितलं. मग तीच रोज संध्याकाळी म्हणायची, झाला का तुझा तो बुटांचा अभ्यास?

रेंजची जोडी मात्र घरात येतच नाही. काडतुसाच्या प्रायमरमध्ये, म्हणजे बार पेटवणाऱ्या टोपीत, आणि पुढच्या गोळीतही शिसं असतं, त्याची धूळ जमिनीवर बसते, तळाला चिकटते. ज्यांच्या घरात रांगणारं बाळ आहे त्यांनी तर हे फार जपा, बाळ जमिनीवर हात ठेवतं आणि तोच हात तोंडात घालतं. दारात चपला काढायची आपली सवय इथे अगदी कामाची आहे.

[पडद्यावर: संध्याकाळ. घराच्या मागच्या पायऱ्या, बादली, ब्रश.]

मॅच संपलीय. मी आता तळ धुतोय, दातांमधली माती काडीने काढतोय. उजव्या बुटाच्या आतल्या कडेचे दोन दात बरेच झिजलेत, डावीकडे सुटताना मी याच कडेवर जोर देतो. अजून एक-दोन मॅच काढतील, मग बदलायचे. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवतो, उन्हात नाही, सावलीत, नाहीतर तळाचा गोंद सुटतो. पुढच्या रविवारी परत पाऊस सांगितलाय.