मैदान भरलं, मतपेटी नाही

(दृश्य: संध्याकाळ. मैदानावर फक्कीनं आखलेल्या रेषा.)

शिट्टी वाजते. खो-खोच्या धुळीनं माखलेली पोरं-पोरी रांगेत येऊन उभी राहतात. आधी कवायत, मग गाणं, मग थोडं बौद्धिक. इथं कुणी कुणाला जात विचारत नाही, आणि मुलींसाठी वेगळं मैदान नाही. 1941 सालच्या पुण्यात ही साधी गोष्ट नव्हती.

त्या वर्षी 4 जूनला राष्ट्र सेवा दल नव्यानं उभं राहिलं. दलप्रमुख एस. एम. जोशी. सोबत नानासाहेब गोरे, शिरूभाऊ लिमये, भाऊसाहेब रानडे. पाठीशी साने गुरुजी. मंडळी काँग्रेसमधलीच, पण समाजवादी गटाची. डॉ. ना. सु. हर्डीकरांनी 1923 मध्ये हिंदुस्थानी सेवा दल ही काँग्रेसची स्वयंसेवक संघटना काढली होती. 1932च्या सरकारी बंदीनंतर तिचा जोर ओसरला. पेठांमध्ये संघाची शाखा मात्र रोज भरत होती. रोजच्या शाखेला उत्तर द्यायचं तर रोज शाखाच भरवावी लागेल, हे एसेमनी ओळखलं.

वर्षभरात 'चले जाव' आलं. नेते भूमिगत झाले. एसेम दाढी राखून 'इमाम अली' झाले आणि मौलवीच्या वेषात वावरू लागले.

मग स्वातंत्र्य आलं, आणि घरातच वाटण्या झाल्या. मार्च 1948, नाशिक. समाजवाद्यांनी काँग्रेस सोडली. सेवा दलाचीही काँग्रेसशी असलेली नाळ तुटली. कागदावर दल कुठल्याच पक्षाचं नव्हतं. पण शाखेत शिट्टी वाजवणारा दादा निवडणूक आली की कुणाच्या सभेच्या सतरंज्या टाकतो, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

(दृश्य: कलापथकाची जुनी छायाचित्रं. ढोलकीचा ठेका.)

सेवा दलाची खरी कमाई बघायची तर या ढोलकीपाशी थांबा. गावात पथक उतरायचं. देवळापुढं किंवा चावडीपाशी चार फळ्या टाकल्या की रंगमंच तयार. वसंत बापटांची गाणी, लीलाधर हेगडेंचा खडा आवाज. पु. ल. देशपांड्यांनी याच पथकासाठी 'पुढारी पाहिजे' हे लोकनाट्य लिहिलं. त्यात रोंगे नावाच्या पात्राची भूमिका करणारा तरुण म्हणजे निळू फुले. ते तेव्हा पुण्यात माळीकाम करायचे आणि तुटपुंज्या पगारातून दलाला नेमानं वर्गणी द्यायचे. पुढं पडद्यावर त्यांनी जे बेरकी सरपंच आणि पाटील उभे केले, त्यांची तालीम इथंच झाली असावी, असं आपलं मला वाटतं.

माणसं पोट धरून हसायची. पुढाऱ्याची टिंगल सगळ्यांना पटायची. आणि मत?

1952च्या पहिल्या निवडणुकीत समाजवादी पक्षाला देशभरात दहा टक्क्यांहून थोडी जास्त मतं पडली. लोकसभेच्या जागा मात्र 12. शाखेनं पोरांना गाणं शिकवलं, श्रमदान शिकवलं, तुरुंगात जायलाही शिकवलं. मतदारयादी घेऊन दारोदार फिरणं हा वेगळाच हुन्नर, आणि तो काँग्रेसच्या तालुक्यातल्या माणसाकडं होता.

शिकवण वाया गेली म्हणावं, तर तसंही नाही. 18 मे 1955 ला नानासाहेब सेनापती बापटांसोबत सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्याच्या हद्दीत शिरले आणि पोर्तुगीजांच्या तुरुंगात गेले. संयुक्त महाराष्ट्र समितीचे सरचिटणीस एसेमच. मृणाल गोरे, हमीद दलवाई, बाबा आढाव हे सगळे या मैदानावरून गेलेले. पाणी असो, तलाक असो, हमालाची मजुरी असो, त्यांच्या कामाला पक्षाचं कुंपण कायम अपुरंच पडलं.

पक्ष तेवढ्यात फुटत होता, जुळत होता, पुन्हा फुटत होता. समाजवादी, मग प्रजासमाजवादी, मग संयुक्त समाजवादी. साठच्या दशकात एसेम संयुक्त समाजवादी पक्षाचे अध्यक्ष आणि नानासाहेब प्रजासमाजवादी पक्षात. दोघं दोन तंबूंत, पण सेवा दल दोघांचंही.

(दृश्य: पर्वतीच्या बाजूचं साने गुरुजी स्मारक.)

पुण्याच्या लोकसभेच्या जागेवर 1957 साली नानासाहेब निवडून आले, 1967 साली एसेम. त्यानंतर समाजवाद्यांच्या चिन्हावर पुण्यातून लोकसभेत कुणी गेलं नाही.