ताप उतरला, तरी सिस्टर दर तासाला का येतात?

नमस्कार श्रोतेहो. यंदा नर्सिंगला प्रवेश घेतलेल्या मुलामुलींसाठी आजचं बोलणं आहे. घरात डेंग्यूचा पेशंट असेल, तर बाकीच्यांनीही ऐकायला हरकत नाही.

पॅथोफिजिऑलॉजी, म्हणजे आजारात शरीराचं कामकाज कुठं आणि कसं बिघडतं त्याचा अभ्यास. हा विषय समोर आला की बहुतेक जण लक्षणांची यादी पाठ करतात. डेंग्यू: ताप, अंगदुखी, डोळ्यांमागे दुखणं, पुरळ, प्लेटलेट कमी. परीक्षेपुरते गुण मिळतात. वॉर्डात मात्र ही यादी दगा देते, कारण डेंग्यूचा पेशंट बिघडतो तो बहुधा ताप उतरायच्या सुमाराला. हे यादीतून कळत नाही, त्यासाठी आत काय चाललंय ते कडीला कडी जोडून पाहावं लागतं.

डास चावल्यापासून ताप यायला साधारण 4 ते 10 दिवस लागतात. ताप आला तो पहिला दिवस धरायचा आणि आज तापाचा कितवा दिवस, हे रोज चार्टवर लिहायचं. दवाखान्यात दाखल झाल्याचा दिवस वेगळा. या दोन आकड्यांची गल्लत झाली की पुढचं सगळं गणित चुकतं. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो. रक्तातले विषाणू कमी होत असतात, पण त्यांच्याशी लढताना शरीरानं सोडलेली रसायनं आणि विषाणूचं एनएस1 नावाचं प्रथिन मिळून केशवाहिन्यांचं आतलं अस्तर सैल करतात. फाटत नाही, सैल पडतं, म्हणूनच ते पुढं एक-दोन दिवसांत पूर्ववत होऊ शकतं. तोवर रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, बाहेर झिरपतो आणि फुप्फुसांभोवती, पोटात साचतो.

दही फडक्यात बांधून टांगलं की पाणी गळतं आणि चक्का मागं राहतो. इथं तसंच होतं. लाल पेशी आत राहतात, पातळ भाग निघून जातो, रक्त दाट होतं. हा दाटपणा मोजणारा आकडा म्हणजे हिमॅटोक्रिट. लॅबच्या कागदावर पीसीव्ही असंही लिहितात. तो 40 होता आणि 48 झाला, तर वाढ 20 टक्के. पेशी वाढलेल्या नाहीत, पाणी गेलंय. म्हणून पहिल्या दिवसांतला सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीचा, कागद जपून ठेवायचा. तो नसेल तर आजचा 48 हा वाढलेला की त्या माणसाचा नेहमीचाच, हे सांगता येत नाही.

आता बीपीकडे या. विद्यार्थी सगळ्यात जास्त इथंच फसतात. रक्तवाहिन्यांतलं पाणी कमी झालं की शरीर गप्प बसत नाही. हृदय जोरात धावतं, हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि रक्त मेंदू-हृदयाकडे वळवलं जातं. वाहिन्या आवळल्यामुळे खालचं बीपी चढतं, वरचं बराच वेळ टिकून राहतं. सकाळी 110/70 होतं, दुपारी 100/80. विद्यार्थी ‘नॉर्मल’ लिहून पुढच्या खाटेकडे जातो. वजाबाकी करून पाहा: सकाळी फरक 40, दुपारी 20. या फरकाला पल्स प्रेशर म्हणतात, आणि डेंग्यूत ते 20 किंवा त्याहून कमी झालं की तो शॉकच समजायचा, म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त पोचत नाही अशी अवस्था, पेशंट तुमच्याशी नीट बोलत असला तरी. बोलणं शेवटपर्यंत शाबूत राहू शकतं. म्हणून बीपीच्या पट्ट्याइतकाच स्वतःच्या हाताचा उपयोग करा. तळहात-तळपाय गार आहेत का? बोटाचं नख दाबून सोडल्यावर गुलाबीपणा दोन सेकंदांत परत येतो का?

मूत्रपिंडाकडेही रक्त कमी जातं, म्हणून लघवी घटते. मोठ्या माणसाला किलोमागे तासाला निदान 0.5 मिली हवी. 60 किलोच्या माणसाला 30 मिली, म्हणजे चार तासांत 120. ‘बाथरूमला जाऊन आला’ ही नोंद नव्हे. मापाचं भांडं द्या. पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, आणि नातेवाइकांचं ‘रात्रभर नुसती तळमळ चाललीय’ हे वाक्य, यातलं एक जरी आढळलं तरी राउंडची वाट न पाहता डॉक्टरांना कळवायचं. तळमळीचं कारण पुष्कळदा मेंदूला कमी पडणारं रक्त असतं.

तापाला पॅरासिटामॉल, मोठ्या माणसाला 24 तासांत 3 ग्रॅमच्या आत, कारण यकृत आधीच सुजलेलं असतं. दिलेल्या गोळीची वेळ तापाच्या चार्टवर लिहा, नाहीतर ताप आजारानं उतरला की गोळीनं, हे समजत नाही. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन नको, कारण त्यानं प्लेटलेटचं काम मंदावतं आणि पोटाच्या अस्तराला इजा होते. स्नायूत इंजेक्शनही नको, आत रक्त साकळतं.

सलाइनची ऑर्डर डॉक्टरांची, पण ती हिशेबात उतरवायचं काम तुमचं. धोक्याची लक्षणं आहेत पण शॉक नाही, अशा पेशंटला सुरुवातीचा एक-दोन तास किलोमागे 5 ते 7 मिली, मग 3 ते 5, मग 2 ते 3, असा उतरता क्रम सहसा असतो. 60 किलोला 5 मिलीनं तासाला 300 मिली. सलाइनच्या नळीचा सेट 20 थेंबांचा, म्हणजे 20 थेंबांना 1 मिली असा असेल (पाकिटावर छापलेलं असतं) तर मिनिटाला 100 थेंब. 3 मिलीवर आलात की 60, 2 मिलीवर 40. वेग दर वेळी घड्याळ लावून मोजा. पेशंटनं कूस बदलली, हात दुमडला की तो बदलतो.

गळती साधारण 24 ते 48 तास चालते. मग अस्तर सावरतं आणि बाहेर साचलेलं पाणी आपोआप रक्तात परत येऊ लागतं. अशा वेळी बाटली जुन्याच वेगानं चालू राहिली तर फुप्फुसात पाणी भरतं: श्वास वाढतो, खोकला येतो, ऑक्सिजन घसरतो. वाचलेला पेशंट सलाइननं अडचणीत येतो, आणि हे टाळता येण्यासारखं असतं.

याच वेळी हिमॅटोक्रिट घसरतो, आणि इथं एकाच आकड्याचे दोन अर्थ होतात. 48 चा 38 झाला. पल्स शांत आहे, हात गरम आहेत, लघवी भरपूर होतेय, भूक लागलीय, तर पाणी परत आलंय आणि सलाइन कमी करायची वेळ झालीय. पण पल्स 120 आहे, हात गार आहेत, पोट दुखतंय, शौच डांबरासारखी काळी झालीय, तर आत रक्तस्राव चाललाय आणि रक्त द्यावं लागेल. लॅबचा कागद दोन्हीकडे सारखाच. फरक पेशंटच्या खाटेपाशीच कळतो.

प्लेटलेटबद्दल इतका उशिरा बोलतोय, ते मुद्दाम. नातेवाइकांचं सगळं लक्ष त्याच आकड्यावर असतं, धावपळही त्याचसाठी. आकडा महत्त्वाचा आहेच, पण पेशंट शॉकमध्ये जातो तो बहुतेक वेळा गळतीमुळे, आणि प्लेटलेटची पिशवी गळती थांबवत नाही. पपईच्या पानांचा रस कुणी घेऊन आलं तर रागावू नका. एवढंच समजावून सांगा, की त्या कडू रसानं उलटी झाली तर ती आजाराची की रसाची, हे आम्हाला ओळखता येणार नाही.

सुटीच्या वेळी, औषधाशिवाय 48 तास ताप नाही, जेवण पोटात ठरतंय, लघवी नीट होतेय, सलाइन बंद असूनही हिमॅटोक्रिट स्थिर आहे आणि प्लेटलेट चढताहेत, एवढं पाहतात. अंगावर लाल पुरळात पांढरे ठिपके दिसतील, तळव्यांना खाज सुटेल, पल्स कधी 50-55 वर येईल. घरचे घाबरून विचारतील. पेशंट बरा होत असतानाही हे दिसतं. तरीही पल्स पूर्ण एक मिनिट मोजा आणि चार्टवर लिहा. नमस्कार.