क्षयात इंटरफेरॉन आणि टीएनएफ काय करतात

समोर बीड, लातूर, नांदेडच्या तालुक्यांतले डॉक्टर आणि लॅबची मंडळी आहेत, म्हणून सायटोकाइनची, म्हणजे पेशी एकमेकींना इशारे द्यायला सोडतात त्या प्रथिनांची, लांबलचक यादी वाचत नाही. दोन-तीनच प्रथिनं घेऊ, पण नीट.

क्षयाचा जंतू धनुर्वातासारखं रक्तात विष सोडून माणसाला पाडत नाही. ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं यामागे मुख्यतः आपल्याच पेशींनी सोडलेली प्रथिनं असतात: टीएनएफ, इंटरल्यूकिन-1, इंटरल्यूकिन-6. औषधं लागू पडली की बहुतेक जंतू मरतात, ही प्रथिनं ओसरतात, काही आठवड्यांत ताप जातो, भूक लागते. मागे राहिलेले सुस्त जंतू मात्र गप्प बसलेले असतात आणि सहा महिन्यांचा कोर्स त्यांच्यासाठीच असतो. ऊसतोडीला निघालेला माणूस नेमका इथे गोळ्या सोडतो, कारण त्याला खरोखरच बरं वाटत असतं. टोळी गावातून हलण्याआधीच निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत त्याची ट्रान्सफर करून घ्या. नंतर फोन लागत नाही.

आता साखळी पाहू. मॅक्रोफेज, म्हणजे जंतू खाणारी पेशी, जंतूला गिळते, पण जंतू ज्या पिशवीत असतो ती तो पचनाच्या टप्प्यापर्यंत जाऊ देत नाही. इंटरल्यूकिन-12 च्या इशाऱ्यावर टी पेशी इंटरफेरॉन गॅमा बनवतात, मग मॅक्रोफेज चेतते आणि पिशवी आम्लधर्मी होते. यातला एक दुवा जन्मतःच नसेल तर काय होतं हे 1996 मध्ये दिसलं: इंटरफेरॉन गॅमाचा रिसेप्टर सदोष असलेल्या मुलांत साधे मायकोबॅक्टेरिया, बीसीजीसुद्धा, अंगभर पसरले. बीसीजीनंतर काखेत आलेली एकटी गाठ बहुधा निरुपद्रवी असते. सोबत ताप, यकृत-प्लीहा वाढलेली, इतरत्र गाठी असतील तर बाळ मोठ्या रुग्णालयात पाठवा.

टीएनएफ ग्रॅन्युलोमा, म्हणजे जंतूंना कोंडून ठेवणारी पेशींची गाठ, बांधून ठेवतं. संधिवातासाठी ते अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब आलं आणि 2001 मध्ये क्षयाचे 70 रुग्ण नोंदवले गेले. त्यातल्या 48 जणांना तीन किंवा त्याहून कमी इंजेक्शनांनंतरच क्षय झाला होता आणि 40 जणांत तो फुप्फुसाबाहेर होता. म्हणून असं इंजेक्शन सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि इग्रा (टी पेशी क्षयाच्या प्रथिनांना पाहून इंटरफेरॉन गॅमा सोडतात का, ते तपासणारी रक्तचाचणी) किंवा त्वचा चाचणी हवीच. उलट टीएनएफ अती झालं तरी घात होतो: मॅक्रोफेज फुटते आणि जंतू बाहेर मोकळे वाढतात. मेंदूच्या क्षयात स्टेरॉइड देतात ते दाह आवरण्यासाठी, अर्थात क्षयाच्या औषधांसोबतच.

इग्रा बिघडते ती बहुतेकदा लॅबच्या यंत्रात नव्हे, रक्त घेतानाच. क्वांटिफेरॉन-प्लस या इग्रात चार नळ्या असतात: तुलनेसाठी निल, क्षयाच्या प्रथिनांच्या दोन आणि टी पेशींना हमखास चेतवणारी मायटोजेन. प्रत्येकीत 1 मिली रक्त, 0.8 ते 1.2 चालतं. नळी हळू भरते, म्हणून भरल्यासारखी दिसली तरी दोन-तीन सेकंद सुईवर राहू द्या. मग दहा वेळा उलटसुलट हलवा, आतली सगळी भिंत रक्ताने माखली पाहिजे. जोरात घुसळलं तर जेल फुटतं आणि निकाल वाकडा येतो. सोळा तासांच्या आत नळ्या 37 अंशांना, 16 ते 24 तास. तोवर त्या 17 ते 27 अंशांत हव्यात. मे महिन्यात दुपारी गाडीच्या डिकीतून संभाजीनगरला पाठवलेली नळी त्यात बसत नाही, फ्रिजमध्ये ठेवलेलीही नाही. इन्क्युबेटर इन्व्हर्टरवर आहे का, हेही बघा.

क्षयाच्या प्रथिनांच्या दोनपैकी एका तरी नळीत, निलचा आकडा वजा करून, इंटरफेरॉन 0.35 IU/mL किंवा जास्त आणि निलच्या किमान पाव पट असेल तर पॉझिटिव्ह. मायटोजेनचा आकडा निल वजा करून 0.5 च्या खाली आणि बाकी निगेटिव्ह, तर निकाल अनिर्णित, तो निगेटिव्ह म्हणून वाचू नका. स्टेरॉइड, एचआयव्ही किंवा उशिरा उबवलेली नळी, यातलं काय झालं ते शोधा आणि पुन्हा रक्त घ्या.

आणि पॉझिटिव्ह इग्रा फक्त एवढंच सांगते की टी पेशींनी हा जंतू पाहिलाय. आजार चालू आहे की सुप्त, हे तिला कळत नाही. खोकला असेल तर बेडका सीबीनॅटला (जंतूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीला) पाठवा, एक्स-रे काढा. सक्रिय क्षय नाही अशी खात्री होईपर्यंत प्रतिबंधक आयसोनियाझिड (क्षयाचं औषध) देऊ नका. असलेल्या क्षयावर एकटं औषध दिलं की प्रतिकार तयार होतो.