कडबा, पातं आणि फट

मंडळी, किर्लोस्करांचं नाव निघालं की सगळ्यांना लोखंडी नांगर आठवतो. लोखंडानं जमीन नासते ही समजूत, पहिले नांगर खपायला लागलेली दोन वर्षं, हे सगळं तुम्ही शाळेतच ऐकलं आहे. तेव्हा नांगर आज बाजूला ठेवू. बेळगावच्या त्याच कारखान्यात कडबा कापायचं यंत्रही होत होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचंच कौतुक जास्त.

ज्वारीचा कडबा, म्हणजे वाळलेली ताटं, आख्खा टाकला तर जनावर पाला ओढून खातं आणि बुडखे दावणीत ठेवतं. ते तुडवले जातात, शेणात जातात. तोच बोटबोटभर कापून टाका, बुडख्यासकट फस्त! ओंडक्यावर कुऱ्हाडीनं तोडायचा तर पेंढीलाच घाम फुटायचा, म्हणजे माणसाला.

आता यंत्र बघा. एक जड चाक, त्याच्या आऱ्यांवर बसवलेली पाती, आणि पेंढी आत ओढणारे दोन दातेरी रूळ. पात्याला बाक असतो, आपल्या विळीला असतो तसा. सरळ पातं सगळ्या पेंढीवर एकदम आदळेल आणि दांडा फिरवणाऱ्याचा खांदा उखडेल. बाकदार पातं एका टोकाकडून चिरत जातं. मधे जाड ताट आलं तरी चाकाला आलेली गती ते पार करते.

पण खरी मेख आहे फटीत. पातं आणि खालची लोखंडी पट्टी यांच्यातलं अंतर वाढलं की ताट कापलं न जाता चेंगरतं, आणि घरधनी धारेला शिव्या घालत बसतो. आज प्लास्टिक नाहीतर लाकडाचे तुकडे करणारं कापणीचं मोठं यंत्र उघडून बघा, मिस्त्री याच फटीशी झटापट करत असतो. जात्यालाही अशीच निगा लागायची. दगड गुळगुळीत झाला की टाकी लावणाऱ्याला हाक मारावी लागायचीच.

आणि हो, ते रूळ पेंढी आणि बोट यांत फरक करत नाहीत. आमच्या गावात बोटं गमावलेले दोघं होते.

कारखाना काढणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ चे. चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, तर रंग ओळखण्यातच दोष निघाला. मग यंत्रांची रेखाटनं शिकले, पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिकवलंही. तिथून ते सायकली धाडायचे आणि बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा त्या विकायचे. नुसत्या विकायचे नाहीत, गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. माझ्या मते पुढच्या कारखान्याची अर्धी अक्कल तिथेच आली. शेतकऱ्याच्या गोठ्यात यंत्र पोचवून काम संपत नाही, फट कशी लावायची हे त्याच्या हाताला कळावं लागतं.

बेळगावची जागा सोडावी लागली. औंधच्या राजेसाहेबांनी माळरान दिलं, आणि १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळ किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे उसाचे चरक आले, भुईमूग फोडायची यंत्रं आली, पंप आले. त्या याद्या तुम्हाला कुठेही मिळतील.

कडबा कापायचं, म्हणजे कुट्टीचं, एक जुनं यंत्र मी मागच्या अंगणात आणून ठेवलंय. चहा झाला की या. पट्टीवर वर्तमानपत्राचा कागद धरायचा आणि चाक सावकाश फिरवायचं. कागद स्वच्छ कापला गेला तर फट बरोबर, दुमडला तर बोल्ट आवळायचा. पाना आहे तिथेच. रुळांवरचं झाकण मात्र कुणी काढू नका.