मागील दारचा जांभा

[वैशाखातली सकाळ. मागील दार. खराट्याचा आवाज.]

आमच्या घराचं पुढचं अंगण आल्यागेल्याचं. खरा संसार मागील दारी. भांडी इथे घासायची, आमसुलं इथे वाळवायची, फणस इथेच फोडायचा. रत्नागिरीकडचं हे गाव. पावसाळ्यात ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि कौलांच्या मागच्या पाख्यावरचं सगळं पाणी याच जागेवर उतरतं.

इथे आधी सिमेंटचा कोबा होता. घाईत घातलेला, ढाळ नेमका घराकडे. पहिल्याच पावसात पाणी उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात आलं. दोन पावसाळे आईने दाराशी गोणपाटं अंथरून काढले. यंदा कोबा फोडला.

पुन्हा सिमेंटच घाला, असं सगळ्यांचं म्हणणं. माझ्या डोळ्यांसमोर मात्र वाडीतली पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट होती. आजोबांच्या आधीपासूनची, जांभ्याची. आषाढात तिच्यावरून पऱ्ह्यासारखं पाणी धावतं आणि चिरा, म्हणजे जांभ्याचा कापलेला ठोकळा, जागचा हलत नाही.

[चिरेखाण. लाल धूळ. यंत्राच्या पात्याचा आवाज.]

जांभा म्हणजे पावसानेच घडवलेला दगड. युगानुयुगं पाणी मुरत गेलं, मूळ खडकातलं विरघळण्यासारखं होतं ते वाहून गेलं. लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. हा तांबडा रंग त्या लोहाचा. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश अभ्यासकाने केरळातल्या अंगाडिपुरमचा असाच दगड पाहिला आणि १८०७ मध्ये त्याला 'लॅटेराइट' हे नाव दिलं. लॅटिनमध्ये 'लॅटर' म्हणजे वीट. नाव अगदी चपखल आहे. खाणीतून नुकता निघालेला चिरा तासणीला सहज तासला जातो आणि वारा-ऊन खाल्लं की टणक होतो. म्हणून आमचे चिरे महिनाभर उन्हात पडून होते.

मिस्त्री एकेक चिरा उलटून बघतात. भोकांमध्ये पांढरी-पिवळी माती दिसली की बाजूला. हातोडीने ठोकल्यावर बद्द आवाज आला तरी बाजूला. १५ बाय १० फुटांच्या जागेला साधारण १७० चिरे लागतात. तुटफूट धरून आम्ही १८५ आणले. एकेक तीस किलोच्या आसपास. ते उतरवणाऱ्या दोघांच्या खांद्यांवरची फडकी दुपारपर्यंत लालभडक झाली होती.

[खोदाई. ताणलेली दोरी.]

खरं काम पहिले तीन दिवस झालं आणि ते आता कुणालाच दिसणार नाही. तेरा इंच खोदाई. तळाला चार इंच खडी, धुम्मसाने ठोकून ठोकून बसवलेली. तिच्यावर दोन इंच कच, म्हणजे अगदी बारीक खडी. मग सात इंच जाडीचा चिरा. दोरी बांधली ती उंबऱ्याच्या तीन इंच खाली आणि तिथून दर दहा फुटांना अडीच इंच ढाळ, पोफळींच्या दिशेने. मिस्त्रींनी पाण्याची नळी लावून ढाळ तीन वेळा तपासला. मला एकदा पुरे वाटलं होतं. त्यांना नाही.

चिरे विटांसारखे मांडायचे, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. सांध्यांत सिमेंट भरलेलं नाही. चिऱ्यांचाच चुरा आणि कच खराट्याने लोटून आत बसवलाय, म्हणजे थोडं पाणी जाता जाता जमिनीतही मुरेल. श्रावणात यावर शेवाळ धरणार आणि वाळू टाकून खराट्याने ते घासावं लागणार, हे आईला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय. ती म्हणाली, "घासेन. पाणी घरात यायला नको."

[संध्याकाळ. मिरगाला आठ दिवस उरलेत.]

शेवटचा चिरा बसला. मिस्त्री हातपाय धुऊन आले आणि म्हणाले, "वयनी, तांब्याभर पाणी आणा."

आईने उंबऱ्याशी पाणी ओतलं. तांबड्या चिऱ्यांवरून ते काळसर रेघ ओढत निघालं. एका सांध्याशी घुटमळलं, बाजूला वळलं, पाचव्या ओळीत येऊन थांबलं. तळहाताएवढं डबकं.

कुणी काही बोललं नाही. मिस्त्रींनी पहार घेतली, शेजारचा चिरा उचकटला, खालून ओंजळभर कच काढला. चिरा परत बसवला, लाकडी ठोकळा ठेवून चार ठोके दिले. हात फिरवून पाहिला. आणखी दोन ठोके.

"आता वता."

दुसरा तांब्या. पाणी पाचवी ओळ ओलांडून गेलं, सहावी, सातवी, कडेच्या पाटात उतरलं आणि पोफळीच्या आळ्यात शिरलं. आई तांब्या हातात धरून तशीच उभी होती. मग आत गेली आणि तिसरा भरून घेऊन आली.