मेडल नको, मेसचं बिल भरा

श्रोतेहो, नमस्कार. बडोद्यातलं असं मराठी घर शोधून दाखवा की ज्याचा एम.एस. म्हणजे महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटीशी काहीच संबंध नाही. दांडिया बाजारात बघा, नाहीतर प्रतापगंजात, कुणी कॉमर्सला होतं, कुणी टेक्नॉलॉजीला, कुणाची आत्या होम सायन्सला. मग रिटायर झाल्यावर मनात येतं की आपण तिथे शिकलो, आता तिच्यासाठी काहीतरी करायला पाहिजे, आणि करतात काय, तर वडिलांच्या नावाने एक गोल्ड मेडल ठेवतात. वाईट नाही हो. पण मेडल मिळतं तोवर त्या मुलाचं शिक्षण झालेलं असतं, पैशाची खरी अडचण असते ती सेकंड इयरला हॉस्टेल सोडून गावी परत जायच्या बेतात असलेल्या पोराची, आणि त्याला साठ टक्के असतात म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही.

बडोद्याचे राजे सयाजीराव महाराजांनी बाबासाहेब आंबेडकरांना शिकायला जे दिलं ते बक्षीस नव्हतं, महिन्याचा खर्च होता. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजला असताना महिना २५ रुपये, मग १९१३ मध्ये अमेरिकेत कोलंबिया युनिव्हर्सिटीसाठी महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं सलग. बदल्यात दहा वर्षं संस्थानात नोकरीचा करार, तेही चोख लिहून घेतलेलं, महाराज व्यवहाराला पक्के. पण पुढचं बघा, लंडनला असताना स्कॉलरशिपची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परत यावं लागलं, तो पुरा करायला ते परत गेले १९२० मध्ये. (आणि १९१७ मध्ये परत आल्यावर आपल्या याच शहरात त्यांना राहायला घर मिळालं नाही, ते आपण सोयीने विसरतो.) एवढ्या मोठ्या माणसाचं पैशावाचून अडलं, तर डभोईच्या किंवा छोटा उदेपूरच्या पोराचं काय होत असेल.

म्हणून स्कॉलरशिप ठेवायची तर ती दरवर्षी, सलग आणि वेळेवर मिळेल अशी ठेवा. त्याची रीत साधी आहे, मूळ रक्कम फिक्समध्ये राहते आणि व्याजातून मुलांना देतात. समजा दहा लाख ठेवले, सात टक्के धरले तर वर्षाला सत्तर हजार येतात, आता सगळे सत्तर वाटून टाकायचा मोह होतो, पण पन्नासच द्या आणि वीस परत मुद्दलात टाका, कारण महागाई कुणासाठी थांबत नाही, आणि पूर्वी ज्यात वर्षाची फी निघायची त्या रकमेत आज पुस्तकंसुद्धा येत नाहीत अशा स्कॉलरशिपा कागदावर किती पडून असतात.

दुसरी गोष्ट अटींची. आपली माणसं हौसेने लिहितात, अमुक गावची, अमुक विषयात पहिली, अमुक आडनावाची. मग तशी मुलगी सापडतच नाही आणि पैसा नुसता साठत बसतो. गरज बघून द्या, पास होत असेल तर पुढच्या वर्षीही चालू ठेवा, एवढं पुरे.

आता एवढे पैसे हातात नाहीत म्हणाल, तर मृत्युपत्रात लिहा. जमेल तेवढं दरवर्षी आत्ता द्या, त्यामुळे स्कॉलरशिप नीट चालते का ते जिवंतपणी दिसतं तरी, आणि मोठी रक्कम आपल्या मागे, मृत्युपत्रातून. त्यात ठरावीक आकड्यापेक्षा टक्के लिहिलेले बरे, म्हातारपणी दवाखान्यात किती जाईल सांगता येत नाही. फक्त स्वतःच्या कमाईचं लिहा, वडिलोपार्जितात मुलांचे हक्क येतात, तिथे वकिलाला विचारल्याशिवाय हात घालू नका. दोन साक्षीदार लागतात, ते असे घ्या की ज्यांना त्यातून काही मिळणार नाही. रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण करून टाका. आणि बँकेत नॉमिनी लावला म्हणजे झालं असं समजू नका, नॉमिनी नुसता पैसे ताब्यात घेणारा, मालक नाही.

नाव मात्र पूर्ण आणि कायदेशीर लिहा, नुसतं ‘आपली युनिव्हर्सिटी’ नको. युनिव्हर्सिटीचा १९४९ चा मूळ कायदा जाऊन २०२३ मध्ये गुजरातचा नवा पब्लिक युनिव्हर्सिटीज ॲक्ट आलाच ना, उद्या आणखी काही बदलेल, म्हणून ‘किंवा तिच्या जागी येणारी संस्था’ एवढे शब्द घालून ठेवा. टॅक्सचं म्हणाल तर देणगीवरची सूट, जिला आपण ८०-जी म्हणत आलो, ती जुन्या टॅक्स रिजीममध्येच, दोन हजारांच्या वर कॅश दिली तर तीही नाही, आणि मृत्युपत्रातून दिलेल्याला तर नाहीच, तेव्हा त्या आशेवर राहू नका.

आणि हो, मुलांना आधी सांगा. मृत्युपत्र उघडल्यावर कळलं तर त्यांना वाटतं बाबांना कुणीतरी फसवलं, आणि मग कोर्टाच्या फेऱ्यात चार-पाच बॅचेस निघून जातात. जेवताना सांगा, सूनबाईंसमोर सांगा, आणि जमलं तर फॉर्म आणायला मुलालाच युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात पाठवा.